बंपर वेगळा, बॉनेट वेगळं

आमच्या घरात मासळीची सुरी वेगळी आणि भाजीची वेगळी. मूळचे आम्ही रत्नागिरीकडचे, त्यामुळे मासे हवेतच. पण आई सोमवार आणि संकष्टी कडक पाळते. त्या दिवशी मासळीच्या सुरीने काकडी चिरली गेल्याचं कळलं की तिला उपास मोडल्यासारखं होतं. गावी हा प्रश्नच नव्हता. मासे मागच्या पडवीत, त्यांची विळीही तिथेच, ती स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायची नाही. पुण्याच्या फ्लॅटला मागची पडवी नसते. ओट्यावर एकाच दुकानातून एकाच दिवशी आणलेल्या दोन सुऱ्या होत्या, दोन्हींची मूठ काळी, आणि कुठली कोणती हे फक्त आईला कळायचं, तेही वास घेऊन. मी म्हटलं, एकीची मूठ निळी रंगवून टाकतो.

एवढ्याशा कामातून मला मुठी रंगवण्याचा नाद लागला आणि त्या नादात मी बऱ्याच वस्तू बिघडवल्या. काही माझ्या होत्या, काही दुसऱ्यांच्या. दुसऱ्यांच्या वस्तूंबद्दल मी त्या वेळी पूर्ण खरं बोललो नाही, ते इथे येईलच.

रविवार पेठेत बोहरी आळीतून स्प्रेचा डबा आणला. डब्यावर लाकूड, लोखंड, प्लास्टिक अशी सगळी नावं छापलेली होती आणि माणूस छापलेल्यावर विश्वास ठेवतो. पात्याला मास्किंग टेप गुंडाळली, मूठ फडक्याने पुसली, गॅलरीत वर्तमानपत्र अंथरून रंगाचे तीन हात मारले. अर्ध्या तासात निळीशार, चकचकीत मूठ तयार. फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. मामेभावाने अंगठा दाखवला.

आठवडा गेला असेल. आई सुरी घासत होती आणि पात्याच्या बुडाशी तिचं नख अडकलं. तिथून मुठीवरचा रंग सुटा झाला आणि अर्ध्या मुठीची साल अखंड निघून आली, फाटलीसुद्धा नाही. खाली मूळ काळं प्लास्टिक इतकं स्वच्छ, की तिथे कधी रंग होता हे सांगून पटलं नसतं. उरलेल्या अर्ध्यातला एक तुकडा दुसऱ्या दिवशी बांगड्याच्या तिखल्यात सापडला. आईने तो काही न बोलता ताटाच्या कडेला ठेवला. निळा होता म्हणून दिसला तरी. खाद्यपदार्थांच्या कारखान्यांत बोटाला लावायची पट्टी निळी असते ती याचसाठी. निळं अन्न जवळजवळ नसतंच, त्यामुळे चुकून पडलेली पट्टी लगेच नजरेत येते. मी लाल रंग निवडला असता तर तो तुकडा तिखल्यात कोणाला दिसला असता? आम्ही तो खाल्लाच असता.

इथे थांबायला हवं होतं. थांबलो नाही, कारण माझ्या मते चूक डब्याची होती. महागातला डबा आणला. तोही तसाच निघाला. मग मत बदललं: मूठ फार गुळगुळीत आहे, रंगाला पकड मिळत नाही. वॉटर पेपर आणून जोरात घासलं. लाकूड घासलं की भुसा पडतो, पत्रा घासला की चकाकी जाते. या मुठीवर मात्र बारीक केस उभे राहिले. जितकं घासावं तितकी लव वाढत गेली. त्यावर रंग मारला तर पृष्ठभाग खरखरीत आणि ओंगळ दिसू लागला, आणि सोलायचा तो सोललाच. आता फक्त तुकड्यातुकड्याने. मग जाड हात मारून पाहिले. जाड रंग आणखी मोठ्या तुकड्यात निघाला. आता मागे पाहताना कळतं, की माझे सगळे उपाय वरून चालले होते. मूठ कशाची आहे, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

ते मला एका गॅरेजमधल्या पेंटरने सांगितलं, तेही दुसऱ्याच कामासाठी गेलो असताना. स्कूटरचा बाजूचा पॅनेल घासला गेला होता. पॅनेल रंगवून होईपर्यंत मी उस्तादांपुढे सुरीचं गाऱ्हाणं गायलं. त्यांनी खिशातून सुपारी काढली, तोंडात टाकली आणि म्हणाले, ‘‘साहेब, बंपर वेगळा, बॉनेट वेगळं. बॉनेट पत्रा आहे, त्याला काहीही चिकटतं. बंपरला आधी प्लास्टिकचा प्रायमर, नाहीतर पहिल्या वॉशिंगला रंग पाण्याबरोबर जातो. तुमची सुरी बंपरच्या जातीची दिसते.’’

‘‘आणि माझा पॅनेल?’’

‘‘तो तिसऱ्या जातीचा. त्याला थिनर जास्त लागला तर तो विरघळतो.’’

एवढं सांगून ते कामाला लागले. मी त्यातलं सोयीचं तेवढं ऐकलं: प्लास्टिकचा प्रायमर. जातींचं मात्र कानाआड केलं. माझे पुढचे निम्मे घोटाळे त्या कानाआड केलेल्या वाक्यातून झाले.

त्या जातींबद्दल मी पुढे जे वाचलं आणि हाताने पडताळलं, ते असं. बाजारातल्या स्वस्त सुऱ्यांची मूठ बहुधा पॉलिप्रॉपिलीनची असते. बादल्या, डबे, नायलॉनची म्हणून विकली जाणारी बरीचशी दोरी, मोटारींचे बंपर, सगळीकडे हेच प्लास्टिक, बंपरमध्ये थोडं रबर मिसळून. इटलीच्या ज्युलिओ नात्ता यांनी १९५४ मध्ये ते आजच्या उपयोगी रूपात बनवलं आणि १९६३ मध्ये कार्ल झिगलर यांच्यासह त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याच्या रेणूत फक्त कार्बन आणि हायड्रोजन. रंगाने ज्याला धरावं असा ऑक्सिजन किंवा नायट्रोजन त्यात नाही. म्हणूनच त्यात लोणचं टिकतं, तेल टिकतं, आम्ल टिकतं. आणि त्याच कारणाने वर दिलेला रंग टिकत नाही. शास्त्रज्ञ याला पृष्ठऊर्जा म्हणतात. पॉलिप्रॉपिलीनची साधारण ३० मिलिन्यूटन प्रति मीटर, नायलॉनची ४० च्या वर. मोजायला यंत्र लागतं, पण अंदाज नळाखाली येतो. स्वच्छ धुतलेल्या मुठीवर पाणी पसरून राहिलं तर आशा आहे. थेंब थेंब होऊन ओघळलं तर रंगही तिथे पाहुणाच.

दुसरी जात एबीएस. स्कूटरचे पॅनेल, मिक्सरचं कव्हर, बऱ्याच टणक आणि चकचकीत मुठी. यावर रंग छान बसतो, कारण थिनर वरचा थर किंचित मऊ करतो आणि रंग त्यात रुततो. पण थिनर सढळ झाला की तोच मऊपणा तडे पाडतो. तिसरी नायलॉन, बहुतेकदा आत काचेचे तंतू घातलेलं. खिशातल्या घडीच्या चाकूंना ते असतं. चौथी, मला सगळ्यात महागात पडलेली, तिच्याकडे येतोच.

ओळखायचं कसं? मुठीच्या टोकाचं, दिसणार नाही अशा जागेचं नखभर खरवडून पाण्यात टाकायचं, पाण्यात साबणाचा एक थेंब घालून, नाहीतर पृष्ठताणामुळे जडसुद्धा तरंगतं. पॉलिप्रॉपिलीनची घनता ०.९ च्या आसपास, त्यामुळे ते वर येतं. एबीएस १.०५ च्या आसपास आणि नायलॉन १.१४ च्या आसपास, दोन्ही बुडतात. कारखान्याने पॉलिप्रॉपिलीनमध्ये भुकटी भरलेली असेल तर तेही बुडतं आणि आपण फसतो. मी फसलो आहे.

प्लास्टिकच्या प्रायमरकडे परत येतो. बंपरसाठी जो पारदर्शक प्रायमर मिळतो, त्यात क्लोरीन जोडलेलं पॉलिप्रॉपिलीनसारखंच द्रव्य असतं. त्याची एक बाजू प्लास्टिकशी जुळते, दुसरी रंगाशी. तो पातळच द्यायचा असतो, जवळजवळ दिसू नये इतका, आणि त्यावरचा रंग डब्यावर सांगितलेल्या वेळेत, बहुतेकदा अर्ध्या तासाच्या आत. मी काय केलं? चांगली गोष्ट थोडी का द्यावी, म्हणून दोन भरघोस हात दिले. पूर्ण वाळावा म्हणून रात्रभर ठेवला. सकाळी रंग दिला. तो टिकला बराच, आणि मी विजयी झालो; पण एकदा गरम पाण्यात साबण घालून सुरी भिजत ठेवली, तर रंग प्रायमरसकट सुटला. जाड प्रायमर स्वतःच आतून फाटतो, ही गोष्ट मी तेव्हा शिकलो. वेळ टळलेल्या प्रायमरवर रंग नुसता बसतो, धरत नाही, हीही.

कारखान्यात बंपरवरून निळी ज्योत झरझर फिरवतात, असं कळल्यावर मी गॅसच्या शेगडीकडे वळलो. ज्योतीने पृष्ठभागावर ऑक्सिजन जोडला जातो आणि रंगाला पकड मिळते. पाण्याचे थेंब खरोखरच पसरायला लागले, हा आनंद मी विसरलेलो नाही. पण ज्योत क्षणभरच लागायला हवी आणि हात सतत फिरता हवा. मी आनंदाच्या भरात दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा फिरवली. मुठीचा कोपरा वितळून खाली आला, आणि ती सुरी हातात धरली की आजही करंगळीला काहीतरी टोचतं. शिवाय त्या ज्योतीचा परिणाम दिवसागणिक उतरत जातो, रंग त्याच दिवशी द्यावा लागतो. मी रविवारी ज्योत फिरवून पुढच्या रविवारी रंग देणारा माणूस. घरातल्या शेगडीवर हा उद्योग करू नये, असं आता सांगतो. जवळच स्प्रेचा डबा होता, हे आठवलं की अंगावर काटा येतो.

इथवरचं नुकसान माझं होतं. पुढचं तसं नव्हतं.

आमचा ट्रेकचा एक कंपू आहे. राजगड, हरिश्चंद्रगड, दरवर्षीच्या त्याच वाटा. बहुतेकांकडे लाल स्विस चाकू. मुक्कामाला कांदा चिरून झाला की सगळे लाल चाकू एकाच चटईवर आणि मग कोणाचा कोणता यावर वाद. मी म्हटलं, द्या माझ्याकडे, प्रत्येकाला वेगळा रंग करून देतो. माझ्या अंगात तोवर थोडी विद्या आली होती: रंगाआधी पृष्ठभागावरचं तेल, घाम, हाताचा मेणचटपणा काढायला हवा. एका मित्राचा चाकू घेतला. त्याच्या भावाने परदेशातून आणलेला, वर नाव कोरलेलं. तेल काढायला घरात जे हाताशी होतं ते वापरलं: बायकोचं नेलपॉलिश काढायचं पाणी.

त्या पाण्यात ॲसिटोन असतं. आणि त्या चाकूची लाल पट्टी सेल्युलोजपासून बनवलेल्या प्लास्टिकची असते, ॲसिटोनमध्ये विरघळणारी. ही ती चौथी जात. कापसाचा बोळा फिरवला आणि लाल रंग कापसावर आला. मला वाटलं मळ. आणखी घासलं. मग पट्टी बोटाला चिकटली, आणि बोट उचललं तेव्हा माझ्या अंगठ्याचा ठसा तिच्यावर उमटलेला, रेषान् रेष. कोरलेलं नाव त्या ठशाखाली गेलं.

मी चाकू परत दिला तेव्हा म्हणालो, ‘‘अरे, ही पट्टी आधीपासूनच अशी मऊ होती का?’’

तो म्हणाला, ‘‘असेल रे. जुना आहे.’’

या लेखात मला खरोखर लाज वाटते ती एवढ्याच वाक्याची. रंग सुटतात, मुठी वितळतात, त्यात अडाणीपणा आहे. या प्रश्नात अडाणीपणा नव्हता. उत्तर मला ठाऊक होतं. बऱ्याच दिवसांनी, पेब किल्ल्याच्या पायथ्याशी चहा पिताना मी त्याला सांगितलं. तो हसला, पण चाकू आणायचा त्याने तोवर बंद केला होता. या चाकूंच्या पट्ट्या सुट्या मिळतात आणि आतल्या पितळी खिळ्यांवर दाबून बसतात, हे मला आधी माहीत असतं तर मी नवी पट्टी रंगवून बसवली असती आणि जुनी त्याच्या कपाटात राहिली असती. नवी पट्टी मी आणून दिली. तिच्यावर नाव नाही.

आणखी एकाचा चाकू मी ॲसिटोनशिवाय, साबण आणि स्पिरिटने पुसून, बरा रंगवला होता. घाई केली ती पुढे. हाताला कोरडा लागला म्हणून वाळला असं धरून दुसऱ्याच दिवशी वर्तमानपत्रात गुंडाळून वाढदिवसाला दिला. स्प्रेचा रंग हाताला अर्ध्या तासात कोरडा लागतो, आतला थिनर निघून जायला मात्र कितीतरी दिवस लागतात. पुडी सोडली तेव्हा हिरव्या मुठीवर शब्दकोड्याच्या काळ्या-पांढऱ्या चौकटी छापलेल्या होत्या. त्याला ते मुद्दाम केलेलं वाटलं आणि त्याने कंपूत सगळ्यांना दाखवलं. मी ‘हो’ म्हणालो. हेही खोटंच. पण त्या डिझाइनला पुढे दोन मागण्या आल्या, त्यामुळे हे खोटं तितकंसं टोचत नाही. त्या चौकटींचं आयुष्य सॅनिटायझरने संपवलं. साधा स्प्रेचा रंग नुसता थिनर उडून वाळतो, त्याला पुन्हा तसंच काही मिळालं की पुन्हा मऊ पडतो. सॅनिटायझरमधल्या अल्कोहोलने मूठ चिकट झाली.

म्हणून मी टू-के कडे गेलो. गॅरेजवाले ज्याला टू-के म्हणतात तो दोन डब्यांचा रंग: एकात रंग किंवा क्लिअर, दुसऱ्यात हार्डनर. मिसळले की त्यांची रासायनिक गुंफण होते आणि मग थिनरनेही तो विरघळत नाही. मोटारींवरची चकाकी वर्षानुवर्षं टिकते ती याने. एबीएसच्या मुठीवर हा रंग दिला की खरोखर वस्तू हाती आल्यासारखं वाटतं. मला ते जमलं. आणि जमलं त्याच दिवशी मी सगळ्यात मोठी चूक केली.

हार्डनरमध्ये आयसोसायनेट जातीची द्रव्यं असतात. फवारताना त्यांचे बारीक कण श्वासात जातात. त्याने दमा जडू शकतो, आणि एकदा शरीराने त्याचं वावडं धरलं की पुढे अगदी थोड्यानेही छाती भरते. त्यांचा वास येत नाही, त्यामुळे नाकावर भरवसा ठेवून चालत नाही; गाड्यांच्या मोठ्या वर्कशॉपमध्ये बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा घालून हे काम करतात. मी बंद गॅलरीत केलं, नाकाला रुमाल बांधून. जाळी लावली होती, कारण धूळ रंगावर बसू नये. धूळ येऊ नये म्हणून खिडकी बंद, म्हणजे वाफ बाहेर जाऊ नये म्हणूनही बंद, हे डोक्यात आलं नाही. शेजारच्या खोलीत मुलगी दहावीचा अभ्यास करत होती. रात्री तिला खोकला आला. मला छातीत जडपणा. डॉक्टरांनी विचारलं, घरात काही नवीन? मी म्हटलं, नाही काही. मग बायकोने उत्तर दिलं. ती त्या दिवशी जे बोलली ते इथे लिहीत नाही, पण तिने गॅलरीतला सगळा संसार खोक्यात भरून सोसायटीच्या गेटबाहेर ठेवला आणि मी हरकत घेतली नाही. मुलीचा खोकला गेला. त्यानंतर टू-के चं काम मी गॅरेजमध्येच करवून घेतो. मूठ घासून, पुसून, प्रायमरपर्यंत तयार करून द्यायची. एखाद्या बंपरला क्लिअर मारायचा असतो, त्यातले दोन फवारे उस्ताद माझ्या मुठींवर मारतात. पैसे घेत नाहीत, पण उशीर करतात.

पावसाळ्यात तर ते हे काम नाहीच करत. पहिल्या वर्षी मी आषाढात हट्ट धरला होता. काळा रंग वाळता वाळता राखेसारखा पांढुरका पडला. थिनर उडताना मूठ गार होते आणि हवेतलं पाणी ओल्या रंगावरच बसतं. ‘‘दसऱ्यानंतर या’’ हे उस्तादांचं उत्तर मला आळशीपणाचं वाटलं होतं.

रबरी पकडीच्या मुठींबद्दल एकच सांगतो: त्या रंगवू नयेत. मी एक रंगवली. आतला तेलकट अंश वर येत राहतो, रंग कधीच वाळत नाही, आणि ती मूठ अजून माझ्या ड्रॉवरमध्ये, ज्याला चिकटेल त्याला चिकटून आहे.

या सगळ्यात तपासणीचा प्रश्न येतोच, आणि तिथेही मी सरळ वागलो नाही. रंग धरलाय की नाही हे पाहण्याची एक जुनी रीत आहे. ब्लेडने रंगावर सहा उभ्या, सहा आडव्या रेघा मारायच्या, पंचवीस चौकोन होतात. त्यावर टेप दाबून लावायची आणि ओढायची. किती चौकोन टेपबरोबर आले त्यावरून दर्जा ठरतो. आयएसओच्या २४०९ क्रमांकाच्या मानकात शून्य म्हणजे एकही गेला नाही, पाच म्हणजे धडगत नाही. मी ही परीक्षा नेहमी मुठीच्या मधल्या सपाट भागावर घ्यायचो, जिथे रंग सगळ्यात चांगला बसलेला असतो. टेप जुनी, धूळ बसलेली. निकाल शून्य. मग मी ती मूठ कोणालातरी द्यायचो. कोरडी मूठ तपासणं आणि ती ओल्या हातात देणं यातला फरक मला कळत नव्हता असं नाही. आता तपासायची मूठ आधी गरम साबणाच्या पाण्यात रात्रभर ठेवतो, नवी टेप घेतो, आणि रेघा पात्याजवळच्या वळणावर मारतो. शून्य फार क्वचित मिळतो.

नायलॉनच्या मुठीने मला वेगळा रस्ता दाखवला. मित्राच्या मुलाचा एक घडीचा चाकू होता, फिकट राखाडी नायलॉनचा. त्याला तो मरून हवा होता. मी रंगाच्या डब्याला हात घालणार, तेवढ्यात बायकोची ओढणी मॅचिंग करायला रंगाऱ्याकडे जाणं झालं. उकळत्या पातेल्यासमोर उभ्या त्या गृहस्थांना मी सहज विचारलं, नायलॉन रंगेल का? त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, ‘‘साडी?’’

‘‘नाही, चाकूची मूठ.’’

आता बघितलं. ‘‘सुती कापडाचा रंग देऊ नका, धुतला की जाईल. सिल्कचा द्या. पाणी उकळीच्या जवळ, थोडं व्हिनेगर. नायलॉन सिल्कसारखंच पितं.’’

ते अक्षरशः खरं आहे. रेशमाला आणि लोकरीला जे रंग लागू पडतात तेच नायलॉनला. तिन्हींच्या रेणूंत नायट्रोजन असलेली टोकं असतात आणि आम्लात ती रंगाला धरतात. पॉलिप्रॉपिलीनला ही टोकं नाहीत, म्हणून त्याला उकळून काही होत नाही. त्यात रंग घालायचा तर ते वितळलेलं असतानाच. मी चाकू सुटा केला, पाती, वॉशर बाजूला, नुसत्या दोन पट्ट्या एका जुन्या पातेल्यात. अर्ध्या-पाऊण तासाने मरून. रंग वर बसलेला नव्हता, आत शिरला होता. नखाने निघत नाही, सॅनिटायझरने निघत नाही, टेपला काही मिळत नाही. दोष दोनच. आतल्या काचेच्या तंतूंना हा रंग लागत नाही, त्यामुळे जवळून पाहिलं तर पृष्ठभाग किंचित ठिपकेदार दिसतो. आणि फिकटावरून गडदावर जाता येतं, उलट नाही. काळ्या नायलॉनचं काही करता येत नाही. पहिल्या वेळी मी एक पट्टी लवकर काढली आणि दुसरी विसरलो. दोन छटा झाल्या. मित्राच्या मुलाला मात्र मी आधीच सांगितलं: दोन्हींत फरक पडलाय, नको असेल तर नवीन आणून देतो. त्याने तसाच ठेवला.

पातेलं आईने आत घेऊ दिलं नाही. बरोबर होतं. ज्यात रंग उकळला त्यात पुन्हा अन्न शिजवू नये.

मासळीच्या सुरीचं काय झालं हे विचाराल. व्यावसायिक स्वयंपाकघरांत मुठीच्या रंगावरून काम ठरवण्याची पद्धत आहे: लाल कच्च्या मांसाला, निळी कच्च्या मासळीला, हिरवी कोशिंबीर आणि फळांना. त्या मुठींत रंग प्लास्टिकमध्येच मिसळलेला असतो, वरून दिलेला नसतो. हॉटेलचं सामान विकणाऱ्या दुकानात निळ्या मुठीची सुरी मिळाली. माझ्या पहिल्या दोन स्प्रेच्या डब्यांपेक्षा स्वस्त होती. आईने ती हातात घेऊन उलटसुलट केली, नखाने मूठ खरवडून पाहिली आणि ओट्याच्या डाव्या बाजूला ठेवली. जेवणाच्या वस्तूला मी त्यानंतर रंग दिलेला नाही.

खिशातले चाकू, मुलीचे कटर, स्क्रू ड्रायव्हर, असं अजून चालू असतं. एबीएस असेल तर घेतो, नायलॉन फिकट असेल तर घेतो, बाकी परत देतो. आणि पात्यापासून बोटभर जागा, जिथे जोर लावताना अंगठा टेकतो, ती मास्किंग टेपखाली ठेवून देतो. तिथला रंग टू-के चा असला तरी झिजतोच आणि सोलायला सुरुवातही तिथूनच होते. लोक विचारतात, एवढी पट्टी का सोडली? मी सांगतो, डिझाइन आहे.